राखून ठेवलेला जोर

गाडी जोरदार करून मागायला कुणी आलं की मास्तर आधी त्याला चहा पाजत आणि मग त्याच्याच गाडीत, त्याच्या शेजारी बसून एक चक्कर मारून येत. गिऱ्हाइकाला वाटे, मास्तर इंजिन ऐकतायत. इंजिन तर गाडी फाटकातून आत येतानाच ऐकून झालेलं असे. मास्तर बघत तो माणूस. वळणावर त्याचे हात कसे फिरतात, पुढची गाडी हळू झाली की पाय कधी उचलतो, मागून कुणी हॉर्न मारला तर नाकाला मिरच्या झोंबतात का. परत येईपर्यंत मनातल्या मनात मार्क पडलेले असत. या परीक्षेपायीच गॅरेजमध्ये त्यांचं नाव मास्तर पडलं आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

मार्क मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितले नाहीत. सगळी मेख तिथेच होती. मागेल तेवढा जोर मास्तर कुणालाच देत नसत. ज्याला चांगले मार्क पडले त्याला थोडा कमी, ज्याला वाईट पडले त्याला बराच कमी. उरलेला जोर ते इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद करून ठेवत. पण हे कळायचं कुणाला? ॲक्सिलरेटरचा पहिला दाब ते असा हलका करून ठेवत की नुसता पायाचा अंगठा टेकवला तरी गाडी उसळावी. सायलेन्सरचा आवाज असा घुमवत की रस्त्यावरच्या माणसाने मान वळवावी. गिऱ्हाइकाची पाठ सीटला चिकटायची, कान भरून जायचे आणि तो खाली उतरून मास्तरांचे हात हातात घ्यायचा. सुसाट झाली, म्हणायचा. मास्तर हसायचे आणि हात पुसायला फडकं शोधायचे.

यात पैशाचा लोभ नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर माणसाबद्दल भलताच समज व्हायचा. मास्तर ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्या दारात एकदा त्या गुरूंनीच घडवलेली गाडी चेपलेल्या अवस्थेत ट्रकवर लादून परत आली होती. ती उतरवून घेताना मास्तरांनी आत पाहिलं होतं. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा त्यांनी ठरवलं, की आपल्या हातून गेलेल्या गाडीत माणूस मरायचा नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हटलं तर तो पलीकडच्या गल्लीत जाणार आणि तिथला कुणी अर्धवट त्याला मागेल ते देणार. त्यापेक्षा हो म्हणावं आणि द्यावं आपल्या मनासारखं. मास्तरांना हा हिशेब बिनतोड वाटे, आणि इतकी वर्षं कुणी तो तोडला नव्हता म्हणून तर जास्तच.

बाकी कामात खोट काढायला जागा नव्हती. त्यांचा वेल्डर सायलेन्सरचा सांधा असा भरायचा की नख फिरवलं तरी अडकू नये. बोनेट उघडलं तर प्रत्येक वायर आपापल्या जागी बांधलेली आणि प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ, म्हणजे हा नट मास्तरांनी स्वतः आवळून पाहिलाय. आणि दर्शनी टेबलावर मास्तरांची बायको. गिऱ्हाइकाच्या आईचा गुडघा, मुलीची परीक्षा, भावाची नोकरी, सगळं तिला तोंडपाठ. गाडी घेऊन गेलेल्या माणसाला आठवड्याने तिचा फोन जायचाच. अर्धं गॅरेज तिच्या बोलण्यावर चालत होतं. नवीन माणूस बिचकत आला की ती म्हणायची, आमच्याकडे एक वेळ उशीर होईल, पण फसवाफसवी नाही. ती हे अभिमानाने म्हणायची, आणि त्या वेळी मास्तरांना हमखास कुठल्यातरी गाडीखाली काहीतरी बघायचं असायचं.

तिला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होतं एकट्या वेल्डरला, आणि तो मूग गिळून बसणाऱ्यातला.

आता ब्रेकचं. गाडीचा जोर वाढवला की ब्रेकही मोठे लावायचे असतात, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. मास्तरांचं म्हणणं उलट होतं. मोठे ब्रेक दिले की माणूस ते उशिरा दाबायला शिकतो. म्हणून जेवढा जोर दिला असेल तेवढ्यालाच पुरतील असे ब्रेक ते ठेवत, कित्येकदा कंपनीचेच, आणि वरून लाल रंग मारत. चाकाच्या फटीतून लाल रंग दिसला की गिऱ्हाईक खूश. कुलूप जागेवर होतं तोवर यात काही धोका नव्हता. कुलूप दुसरा कुणी काढेल, हा विचार मास्तरांसारख्या माणसाच्या डोक्यात आला कसा नाही, याचं वेल्डरला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. पण स्वतःच्या हुशारीने बांधलेल्या गोष्टीला दार असतं हे हुशार माणसाला सहसा दिसत नाही.

मास्तरांचा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं. आता तो फरश्यांच्या दुकानात विक्रेता होता. तोंडाने गोड, मनाने हळवा, आणि चारचौघांत आपलं हसं होईल या भीतीने कायम अर्धमेला. मित्रांच्या गाड्या बघून त्यानेही आपली गाडी भाऊजींकडे आणली. मास्तर त्याच्या शेजारी बसून चक्कर मारून आले. एक रिक्षा पुढे गेली तेवढ्यावर त्याने तिचा तीन चौक पाठलाग केला होता. मास्तरांनी त्याला काठावर पास केलं, तेही बायकोकडे बघून. जोर दिला नावापुरता. आवाज मात्र असा दिला की ताईने दोन्ही हात कानावर ठेवले आणि कौतुकाने हसली.

काही महिने मजेत गेले. मग एका रविवारी मित्रमंडळींनी आपापल्या गाड्या जोर मोजायच्या मशीनवर चढवायचं ठरवलं. या मशीनला रोलर असतात, गाडी जागच्या जागी पळते आणि समोरच्या पडद्यावर आकडा येतो. मेहुण्याची गाडी चढली तेव्हा सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता. आकडा सगळ्यात लहान आला. लोक आधी मशीन बिघडलं म्हणाले, मग पुन्हा चढवली, पुन्हा तोच आकडा. मग जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही.

मेहुणा भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो आलाच नाही. पुढच्या सुट्टीला ताईकडे जेवायला आला, नेहमीसारखा गोड बोलला, भाऊजींना वाढायचा आग्रह केला. गाडी कशी आहे, विचारल्यावर छान आहे म्हणाला. एवढंच. एरवी गाडीवरून तासभर डोकं खाणारा माणूस एवढंच म्हणाला तेव्हा मास्तरांचा घास तोंडातच फिरत राहिला. जेवण आटोपून तो निघाला, खाली गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी त्याने पाय दाबला.

मास्तर हात धुवत होते. त्यांनी नळ बंद केला आणि ऐकलं. आवाज तोच होता, पण त्याच्याखाली आता दुसरा एक आवाज होता, खोलवरून हवा ओढणारा. कुणीतरी कुलूप काढलं होतं. नुसतं काढलं नव्हतं, आतलं सगळं पुसून आपलं भरलं होतं आणि मास्तरांनीही कुणाला दिला नसता एवढा जोर त्या गाडीत मोकळा झाला होता. बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, कसा छान आवाज येतो नाही हो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डरला सांगितलं. त्याने तोंडावरची काच वर केली आणि म्हणाला, "सांगून टाका त्याला. आज."

"सांगू काय? की मी तुला शेंडी लावली?"

"हो. आणि ब्रेकचंही सांगा."

मास्तरांनी मान डोलावली. पण एकाला सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं होतं. मेहुण्याला कळलं की ताईला कळणार, ताईला कळलं की ती टेबलावर बसून पुन्हा कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवणार नाही, आणि गावभर पळणाऱ्या आपल्या सगळ्या गाड्या एकामागून एक त्या मशीनवर चढणार. गॅरेज बुडेल याचं त्यांना भय वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त भय वाटलं ते बायकोच्या चेहऱ्याचं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. गॅरेजची एक पद्धत होती. गाडी दिल्यावर काही महिन्यांनी ती फुकट तपासून द्यायची. त्या निमित्ताने गाडी बोलवावी, गुपचूप मोठे ब्रेक चढवावेत, त्यांनाही लाल रंग मारावा. कुणाला काही कळायला नको.

त्यांनी फोन केला. तपासणी राहिलीय, घेऊन ये, एका दिवसात देतो, असं अगदी मोकळ्या आवाजात म्हणाले. पलीकडून मेहुणा हसला, आणि ते हसणं नेहमीचं नव्हतं.

"पुन्हा कुलूप लावायचंय का, भाऊजी?"

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. ब्रेक सोडून सगळं. मास्तरांनी तोंड उघडलं. समोर टेबलाशी बायको एका नव्या गिऱ्हाइकाला चहा देत होती आणि तिचं ते नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. मास्तर म्हणाले, "बघू मग, सवडीने," आणि फोन ठेवला. एवढी एक संधी होती, आणि ती त्यांनी घालवली. पुढे त्यांनी स्वतःला इतर सगळ्या गोष्टींची माफी दिली असेल, याची नाही.

त्यानंतर मेहुणा ताईला भेटायला गॅरेजवर येऊन जाऊन असे, पण गाडी आत आणत नसे, फाटकाबाहेर उभी करी. एका दुपारी तो आत गप्पा मारत असताना मास्तर बाहेर गेले आणि पुढच्या चाकाशी वाकले. हात जवळ नेला तर धग लागली. जळक्या चामड्याचा वास येत होता. ब्रेकची चकती मधोमध निळी पडली होती. लोखंड निळं पडतं ते उगाच नाही. मास्तर उभे राहिले तर मेहुणा फाटकात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता.

"काही सापडलं का?" त्याने विचारलं.

मास्तर म्हणाले, ब्रेक तापतायत, जरा सांभाळून. तो बरं म्हणाला, गाडीत बसला आणि मुद्दाम चाकं घासत निघून गेला.

त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही. सकाळी उठले ते ठरवूनच. मोठे ब्रेक विकत आणायचे, त्याच्या दुकानापुढे जाऊन उभं राहायचं, सगळं सांगायचं, आणि त्याने दोन थोबाडीत मारल्या तरी खाऊन घ्यायच्या, पण गाडी घेऊनच यायचं. ब्रेकचा व्यापारी शहराच्या दुसऱ्या टोकाला. माल वखारीतून यायचा होता, थांबावं लागलं. मास्तर वाट बघत बसले आणि तिथेच त्यांना जरा हलकं वाटायला लागलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी व्यापाऱ्याशी थट्टामस्करी केली. खोकी मागच्या सीटवर घालून ते गॅरेजवर परतले तर दर्शनी टेबलावर कुणी नव्हतं.

वेल्डर हातातलं काम टाकून पुढे आला. वहिनी भावाबरोबर गेल्या, म्हणाला. घाटाखालच्या मावशीला बरं नाही, तो घ्यायला आला होता. "मी त्यांना म्हटलं, मास्तर येईपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत येतेच." एवढं बोलून तो मास्तरांकडे बघत राहिला. दोघांनाही तो घाट ठाऊक होता. वरपासून खालपर्यंत नुसता उतार आणि वळणावर वळण.

मास्तरांनी फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, मग तिने उचलला. वाऱ्याचा आणि सायलेन्सरचा एवढा आवाज होता की तिला काही ऐकू येईना. थांबा हं, स्पीकरवर घेते, ती म्हणाली.

"अगं, त्याला गाडी थांबवायला सांग. आत्ता."

"का हो? काय झालं?"

"त्याच्या गाडीला मोठे ब्रेक नाहीत. नुसता लाल रंग आहे. मीच मारलाय." मास्तर थांबले नाहीत, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "जोरही मी त्याला कमीच दिला होता. सगळ्यांनाच देतो. त्याने तो दुसरीकडून उघडून घेतला आणि ब्रेक तेच राहिले. उतारावर टिकायचे नाहीत."

मग मेहुण्याचा आवाज आला. तो भाऊजींशी बोलत नव्हता. "ऐकलंस, ताई? कुलूप काढलं ते झोंबलंय. आता भीती घालतायत."

"थांबव," ताई म्हणाली.

"अगं पण…"

"थांबव म्हणते ना."

आणि गाडी थांबली. चाकं करकरली, खडी उडाल्याचा आवाज आला, आणि इंजिन मंद झालं. मास्तर खुर्चीत बसले. तेवढ्यात दार उघडल्याचं ऐकू आलं आणि तिचा खोकला, कसला वास येतोय हा, असं तिचं पुटपुटणं. मेहुणा तर आता जिंकल्यासारखा बोलत होता. थांबली की नाही? ब्रेक नाहीत म्हणे. मग त्याचा आवाज एकदम चिरला. त्या रविवारी सगळे पोट धरून हसत होते, ताई, आणि ह्यांना आधीपासून माहीत होतं, तुझ्यासमोर माझ्या शेजारी बसून जेवत होते. ती त्याला उतर म्हणत होती, गाडी इथेच राहू दे, हे येतील. तो म्हणाला, खाली नेऊन दाखवतो, मग बोलू. दार आपटलं.

मास्तर ओरडले, पण ते फोनमध्ये ओरडले, आणि फोन गाडीबाहेर उभ्या ताईच्या हातात होता. तापलेले ब्रेक गाडी उभी राहिली की निवत नाहीत. चाकाला वारा लागत नाही, सगळी आग ब्रेकच्या तेलात उतरते आणि तेल उकळतं. एवढं झाल्यावर पाय दाबला तर तो रिकामा खाली जातो. हे मास्तरांना गाडी थांबवायला सांगतानाही माहीत होतं. त्यांना तिला बाहेर काढायचं होतं, पुढचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"तो गेला हो," ती म्हणाली.

"फोन दरीकडे धर," मास्तर म्हणाले. "बोलू नकोस."

तिने धरला. मास्तरांनी डोळे मिटले. वेल्डर दाराशी उभा होता. इंजिन लांब लांब जात होतं. दुसरा गिअर. तिसरा. पाय सुटला, म्हणजे वळण आलं. आता आवाज खाली यायला हवा होता. तो खाली येण्याऐवजी एकदम चढला, किंचाळल्यासारखा, म्हणजे त्याने गिअर मागे ओढला. मग आणखी एक मागे. मग चाकं करकरली. मग दगडांवरून काहीतरी जड घरंगळल्याचा आवाज, तो थांबता थांबेना, आणि मग फक्त वारा.

"काय ऐकू आलं?" तिने विचारलं. वळणाआडचं तिला दिसत नव्हतं आणि एवढ्या लांबचं ऐकायला तिच्याकडे मास्तरांचे कान नव्हते. "अहो, सांगा ना."

"थांबला वाटतं कुठेतरी," मास्तर म्हणाले. "येईल."

दर्शनी टेबलाशी बसून तिने त्यांचा हा मोकळा, समजूत घालणारा आवाज इतकी वर्षं ऐकला होता. काळजी करू नका, होऊन जाईल, गाडी एकदम सुसाट. आजवर तिला तो खरा वाटत आला होता. आज वाटला नाही. फोन बंद करायचंही तिला सुचलं नाही. खडीवर तिच्या चपला वाजू लागल्या, आधी चालताना, मग पळताना, आणि मास्तर फोन कानाला लावून ते ऐकत बसले.